निळा कर्सर

शिवणाचा क्लास चालवणाऱ्या ताईने क्लासची वेबसाइट स्वतःच बनवायची असं मनावर घेतलं. पण कोड लिहायला फुकटातला कुठला एडिटर घ्यावा, यातच तिचे दोन दिवस गेले. पहिल्याने जुन्या लॅपटॉपला धाप लागली, दुसऱ्यात कुठे काय आहे तेच कळेना. तिसरा हलका निघाला, शिवाय त्यात दोघांना एकाच पानावर लिहिता येत होतं. धाकटा भाऊ म्हणाला, "तोच घे. उद्या अकराला मी माझ्या घरून त्यात येतो, शिकवतो तुला."

अकराच्या ठोक्याला पडद्यावर दुसरा, निळा कर्सर लुकलुकू लागला. तिचा एखादा कंस उघडा राहिला की तो गुपचूप बंद करायचा. 'अनुभव' या शब्दापुढची जागा तिने रिकामी सोडली, तर त्याने तिथे 'बावीस वर्षं' असं लिहूनही टाकलं. "बरं लक्षात ठेवलंस रे," म्हणत ती स्वतःशीच हसली. तासाभरात पान उभं राहिलं.

तेवढ्यात भावाचा फोन आला. "ताई, विसरलीस ना? तासभर लिंकची वाट बघतोय. तू ती पाठवल्याशिवाय मी आत येणार कसा?"

ताईने पडद्याकडे पाहिलं. "अरे, मग इथे..."

निळा कर्सर सरसर पुढे सरकला आणि पानाच्या तळाशी एक ओळ उमटली.

'त्याला नको बोलावूस. आपण दोघी पुरे आहोत.'