दोन वर्षं पाँडिचेरीत

नमिताने श्रीखंडाची वाटी अर्धवट बाजूला सारली आणि नवऱ्याला म्हणाली, "देवव्रत, यल्ला. निघू या ना, मला वह्या तपासायच्यात."

"आत्ता तर बसलोय," देवव्रत म्हणाला आणि त्याने आणखी एक पुरी घेतली. शुक्रवारी कुणाच्या घरी आयतं जेवायला मिळालं, की त्याला उठवणं कठीण.

आखातातल्या अल वक्रा गावच्या या घरचं आमंत्रण नमिताने दोनदा टाळलं होतं. तिसऱ्यांदा ते यजमानीण नयनाकडून न येता तिच्या मुलीकडून आलं. नुपूर आठवीत, नमिताच्याच वर्गात. तिने भर तासाला उभं राहून सांगितलं, "मिस, माय आजी इज हिअर. फ्रॉम पाँडिचेरी!" वर्गाने टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांचं कारण होतं. नमिता शाळेत फ्रेंच शिकवते. नऊ वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं होतं, मिस, तुम्ही फ्रान्सला गेलायत? नाशिकच्या क्लासमध्ये फ्रेंच शिकलेल्या बाईला नुसतं 'नाही' म्हणवेना. ती म्हणाली, पाँडिचेरीत दोन वर्षं राहिलेय. तेव्हा ते एवढंसं वाक्य होतं. आता त्याला पिवळ्या भिंती होत्या, बोगनवेल होती, तळमजल्यावर पाव भाजणारी एक म्हातारीही होती. मुलं दर वर्षी तेच पुन्हा सांगायला लावायची. खरंखुरं जायचं मात्र दर सुट्टीत राहून जायचं. दोन लग्नं, एक दाढ, सासूबाईंचा मोतीबिंदू, की महिना खलास.

आणि आता समोर नयनाची आई बसली होती. शोभाताई. तीस वर्षं पाँडिचेरीत काढलेली बाई, व्हिजिट व्हिसावर लेकीकडे आलेली.

"तुम्ही कुठल्या भागात होतात हो?" शोभाताईंनी विचारलं.

"र्‍यू स्युफ्राँ," नमिता चटकन म्हणाली. "समुद्राकडून आत आलं की आधी र्‍यू द्युमा हा रस्ता लागतो, मग थोडं पुढे आमचा. कालव्याच्या अलीकडे." पदराशी चाळा करणारा हात तिने मांडीखाली दाबून धरला. नकाशा तिला तोंडपाठ होता. "तुम्ही कुठे होतात, काकू?"

"आम्ही?" शोभाताई आठवू लागल्या. "पाटीवर काय नाव होतं देव जाणे. इस्त्रीवाल्याची गल्ली म्हणायचो आम्ही. तीस वर्षांत कधी पाटी वाचल्याचं आठवत नाही बघा."

त्या हसल्या. नमिताही हसली. पाट्या पाहुणे वाचतात, हे तिला आजवर कधी सुचलंच नव्हतं. शोभाताईंच्या हसण्यात काही होतं का, ते तिने नीट पाहिलं. कळलं नाही.

"मी पानं उचलते," म्हणत ती उठली. नयनाने तिला पुन्हा बसवलं. नमिता उगाच पाणी प्यायली. मग मोबाइलमध्ये वेळ पाहिली. दोन वाजून दहा मिनिटं. मघाशीही दोन वाजून दहाच मिनिटं झाली होती.

"मिस," नुपूर हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बसली होती, "तुम्ही पण त्या टेंपलमध्ये जायचात? एलिफंटवालं?"

"हो तर. गणपतीचं. दारातच असायची हत्तीण."

"आजी डोक्यावर तिची सोंड ठेवून घ्यायची. एव्हरी ट्यूजडे. तुम्ही पण?"

"हो."

"हाउ डझ इट फील?"

प्रश्न सरळ होता. मुलीच्या डोळ्यांत शंकेचा मागमूस नव्हता, हेच वाईट. नमिताने तोंड उघडलं. पिवळ्या भिंती आल्या, बोगनवेल आली, गल्ल्या ओळीने आल्या. सोंड काही येईना. तिने देवव्रतकडे पाहिलं. सगळ्या घरात खरं ठाऊक असलेला तोच एक माणूस, आणि तो ताटातल्या काकडीकडे पाहत होता. शाळा रविवारी उघडणार होती. पहिलाच तास आठवीचा होता.

"म्हणजे," नमिता म्हणाली, "ती हळूच..."

शोभाताई खुर्चीचा आधार घेत उठल्या. गुडघे सांभाळत टेबलाला वळसा घालून आल्या आणि नमिताच्या मागे उभ्या राहिल्या.

"असं सांगून कळत नाही गं, नुपूर," त्या म्हणाल्या. "बघ."

त्यांनी आपला हात नमिताच्या डोक्यावर ठेवला. नुसता टेकवला नाही, कोपरापासून सगळं वजन सोडून दिलं. नमिताची मान खाली गेली.

"जड असते. आपण समजतो त्याहून जड. क्षणभर वाटतं, आता काही आपण वर येत नाही." मग त्या वाकल्या आणि नमिताच्या भांगावर त्यांनी हलकेच फुंकर घातली. "आणि जाताना श्वास सोडते. कोमट, ओला. की झाला आशीर्वाद."

देवव्रतच्या हातातली पुरी हातातच राहिली होती. शोभाताईंनी हात काढला नव्हता. बोटांना वेलचीचा वास होता. सुटले, असं नमिताला वाटलं. आता फक्त मान हलवायची होती.

"सेम, मिस?" नुपूरने विचारलं.

नमिताने डोळे मिटून घेतले. हात अजून तेवढाच जड होता.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "मला पहिल्यांदाच मिळतोय."