पुलाखालचा मासा

दारात: विणीच्या हंगामातली मासेमारीबंदी कालच उठली होती. जावई मासा घेऊन आला. "पुलाखाली गळाला लागला," तो सासूकडे न बघता म्हणाला.

मोरीवर: तिने पोट चिरलं, तर आत चुरमुरे. चुरमुरे लोक टाकतात ते फक्त देवाच्या कोंडीत, आणि त्या डोहात गळाला बारमाही मनाई. राखण तिच्याच नवऱ्याकडे. त्याला कळलं, तर तो जावयालाही गावासमोर उभा करील. लेकीचं माहेर तुटेल. तिने चुरमुरे चुलीत सारले.

ताटात: नवऱ्याने पहिला घास सावकाश चावला.

"जावईबापू, पुलाखालच्याला एवढी चरबी नसते. हा कोंडीतलाच."

जावयाची मान खाली गेली. वाढता वाढता ती थांबली.

"अहो, कोंडीतल्याची चव तुम्हाला कशी ठाऊक?"