कावळ्यासाठी वाढलेलं पान

उद्या इंटरव्ह्यू होता आणि पन्नाशीत पांढऱ्या डोक्याला नोकरी कोण देणार? म्हणून "पितृपक्षात केसांना काही लावू नकोस रे" हे आईचं बोलणं कानाआड करून जितेशने आयुष्यात पहिल्यांदाच घरी डाय केला. डोकं धुऊन आरशात पाहिलं, तर समोर फोटोतले बाबा! पंचेचाळिशीत गेले तेव्हा असेच काळेभोर केस होते. त्यांच्या नावाचं पान तासभर खिडकीच्या ग्रिलवर पडून होतं. एरवी मिठागराकडून झुंडीने येणारे भाईंदरचे कावळे आज फिरकलेच नव्हते. "शिवला का गं कावळा?" विचारत तो बाहेर आला. आईने चटकन डोक्यावरून पदर घेतला. "कावळा कशाला येईल? तुम्हीच आलात की." "अगं आई, मी जितेश!" तो हसला. आईने पान उचलून पाटासमोर मांडलं. वड्यांचा वास आला आणि जितेशला भूक लागली, वर्षभर उपाशी असल्यासारखी.