बाजारात गेलेली बाई

दुभाषा मैदानातल्या मंचाच्या डाव्या बाजूच्या चौथऱ्यावर चढला आणि सारांशरावांनी बायकोला कोपराने ढोसलं.

"हा कोण?" त्यांनी हातांनी विचारलं.

"गाणी हातांनी सांगणारा," बायकोनेही हातांनीच उत्तर दिलं. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. "मुद्दाम या रांगेतली तिकिटं काढली. आज तुझ्या हातांना सुट्टी."

त्या दोघांच्या हातांच्या भाषेत अहो-जाहो नव्हतं. त्यामुळे ऑफिसात ज्यांना सगळे सारांशराव म्हणत, त्यांना ती एकोणीस वर्षं बिनदिक्कत अरे-तुरे करत आली होती. सारांशराव हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. बैठकांचं इतिवृत्त लिहिणं हे त्यांचं काम. चार तासांचं भांडण ते अडीच ओळींत बसवत. एकदा दोन साहेबांनी एकमेकांवर खुर्च्या उगारल्या, तर यांनी लिहिलं, 'आसनव्यवस्थेवर चर्चा झाली.' घरी बायकोला गाणी सांगायचं कामही त्याच पद्धतीने चाले. प्रेम आहे. विरह आहे. पुन्हा प्रेम आहे. पुढचं गाणं.

चारच्या उन्हात गायिका मंचावर आली. एकाच गाण्यात अंगाई, लष्करी बँड आणि रॅप कालवणारी बाई ती. कालवून झालं की कशात काय घातलं होतं ते कुणाला सांगता येत नसे. बायकोने फुगवलेला फुगा छातीशी घट्ट धरला, कारण ड्रमचा ठोका फुग्यातून अंगाला कळतो. सारांशरावांना आधी त्या फुग्याचाच राग आला.

मग दुभाष्याचे हात सुरू झाले. त्याला दहाच बोटं असावीत यावर कुणाचा विश्वास बसला नसता. अंगाईला त्याचे हात लोण्याचे झाले, बँडला त्याने खांद्यांनी कवायत केली आणि रॅपला तर बोटं अशी सुटली की पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी वाऱ्याच्या भीतीने टोपी धरून ठेवली. बायको हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम. सारांशरावांच्या गाण्यांना ती कधी रडली नव्हती. विरह आहे, असं सांगितलं की ती 'बरं' म्हणायची.

"नुसते हातवारे करतोय," त्यांनी तिचा गुडघा थोपटून सांगितलं. "मुद्दा एकच आहे."

मंचावरची नजर न काढता तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्यांच्याच मांडीवर ठेवून दिले. बडबड्या माणसाच्या तोंडावर हात ठेवावा तसे.

जळफळाट एकवेळ गिळता आला असता. पण शेवटी कोणतं गाणं येणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं, आणि खरी धास्ती त्याची होती. त्या गाण्यातली बाई घराला कुलूप लावते, किल्ली शेजारणीकडे देते आणि निघून जाते. परत येत नाही. गाणं नवं होतं तेव्हा सारांशरावांच्या लग्नाला तीन महिने झाले होते. किल्लीपर्यंत पोचल्यावर त्यांचे हातच उचलेनात. मग त्यांनी त्या बाईच्या हातात पिशवी दिली आणि तिला बाजारात धाडलं. भाजी घेऊन ती चहाच्या वेळेला परत आली. बायकोला ते फार आवडलं. शब्द छापील मिळत नव्हते असं नाही, पण घरात माणूस असताना कागद कशाला, असं तिचं म्हणणं. दर रविवारी ती ते गाणं मागून घ्यायची आणि दर रविवारी सारांशराव पिशवीत एखादी भाजी वाढवायचे. जन्मात त्यांनी लांबवलेला मजकूर एवढा एकच. तेव्हापासून घरची भाजी मात्र ते स्वतःच आणू लागले होते.

"निघू या का?" त्यांनी हात सोडवून घेतले. "नंतर गाड्यांची कोंडी होईल."

"आपण चालत आलोय," ती म्हणाली.

आणि ते गाणं आलं. सगळं मैदान उभं राहिलं. दुभाष्याने दार ओढलं. कुलूप लावलं, लागलं का ते हिसका देऊन पाहिलं. किल्ली शेजारणीच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटली. मग तो जागच्या जागी चालू लागला, मान न वळवता. दोन्ही हात मोकळे.

बायको वळली. तिने आधी सारांशरावांच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे.

"पिशवी कुठाय?"

"नवखा दिसतोय," सारांशराव म्हणाले. "गाळतो."

साहेब इतिवृत्तावर सही करण्याआधी मान हलवतात, तशी तिने हलवली.

घरी पोचले तेव्हा जिन्यात अजून ऊन होतं. तिने कुलूप काढलं. मग किल्ली सारांशरावांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटली. एकेक करून.

"उद्या बाजारात मी जाते," ती म्हणाली.

सारांशरावांनी घाईघाईने दारामागची पिशवी काढून तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली, उलगडली, आत डोकावून पाहिलं, आणि घडी घालून पुन्हा खिळ्याला लावली.