दुसरा खंड

स्वतःच्याच पक्षाविरुद्ध भर सभागृहात एकट्याने उभ्या राहिलेल्या एका जुन्या मंत्र्याचं नवं चरित्र मी वाचत होतो. त्या प्रसंगाशी आलो की दर वेळी डोळे भरून यायचे.

त्याच आठवड्यात आमच्या इमारतीच्या फाटकातून एक सायकल चोरीला गेली. रहिवाशांची बैठक भरली.

"सायकल म्हणजे काय टाचणी आहे, दिसली नाही म्हणायला?" सेक्रेटरी वॉचमनवर कडाडले. "होतास कुठे तू?"

"वर गेलो होतो, साहेब."

"वर? देवाघरी?"

सगळे हसले. मीही हसलो.

वर म्हणजे माझ्या घरी. त्या चरित्राचा जाडजूड पहिला खंड पार्सलने आला होता आणि माझे गुडघे धड नाहीत, म्हणून मीच त्याला हाक मारली होती. वर त्याला पाणी देऊन, "अरे बस, या माणसाची गंमत ऐक," म्हणत मीच थांबवून घेतलं होतं. आता तो खाली मान घालून उभा होता. माझं नाव त्याने घेतलं नाही.

"याला काढायचं. कुणाला काही बोलायचंय?"

त्याला काढण्याच्या बाजूने सगळ्यांचे हात वर झाले. पाठोपाठ माझाही.

दुसऱ्या दिवशी तो पिशवी खांद्याला लावून दारात आला.

"आजोबा, नव्या माणसाला सांगून ठेवलंय. दुसरा खंड आला की वर आणून देईल. तुमची गोष्ट अर्धी राहायला नको."