मन लावून वाचणारा

वॉर्साच्या पुस्तक प्रदर्शनात लोक आमच्या डाव्या विचारांच्या त्रैमासिकाच्या टेबलावर नुसते बीटाच्या सुपाचे कप टेकवून जात होते. सरकारला, बँकांना, बिल्डरांना आम्ही अंकाअंकातून झोडपतो, पण साधी शिवीसुद्धा कुणी घालत नाही. संध्याकाळी एक म्हातारा आला आणि आमचा लेख न् लेख घडाघडा सांगू लागला.

मी उठून त्याला माझी खुर्ची दिली. "इतकं मन लावून कोण वाचतं हो?"

"सवय आहे, बाई. कम्युनिस्ट राजवटीत मी सेन्सॉर अधिकारी होतो."

माझी सहसंपादक बोग्ना आशेनं पुढे सरकली. "मग आमचे कुठले लेख तुम्ही अडवले असते?"

तो ओशाळला.

 

"एकही नाही. जे लोकांना कळायचं, तेवढंच आम्ही अडवायचो."