फार उजवा

लिडियानं जांभळ्या औषधात काडी बुडवली आणि गोरक्षनाथच्या डाव्या कुशीवर फुली मारली. बोटांना आत गोळा लागला. थोराड, घट्ट. मेला इथंच दडून बसलाय, ती मनाशी म्हणाली.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. मिशनच्या दवाखान्यात आतला फोटो काढायचं नवं यंत्र आलं होतं, आणि त्यात गोरक्षनाथच्या एका गुर्द्यात कॅन्सर दिसला होता. लघवीतून रक्त जायचं. दुखत मात्र कुठंच नव्हतं. डॉक्टरसाहेब साता समुद्रापलीकडचे. मराठी नगरच्या एका शास्त्रीबुवांकडे शिकलेले, त्यामुळे बोलायचे असं की आपल्याला आपल्याच बोलण्याची लाज वाटावी. काल फोटो खिडकीशी धरून त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "सिस्टर, उजवा राहील. दुसरा काढू."

उजवा राहील, म्हणजे डावा जाणार. लिडियाची खूण सोळा वर्षांत चुकली नव्हती.

पायथ्याशी बसलेली लंकाबाई उठली. नवऱ्याच्या कुशीवर तिनं हात ठेवला, बैलाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"सिष्टरबाई, ह्योच कापायचा?"

"हो."

"आमचा पवळ्या बैल पायानं अधू झाला, तवा मोटंला नुसता संगं चालायचा. समदं जोडीचा सर्ज्या वढायचा. त्येचा खांदा असाच भरला हुता बगा. ते दुखनं नव्हतं, काम हुतं."

"अहो बाई, माणूस आणि जनावर एक असतं का?"

"न्हाई की. जनावर खोटं बोलत न्हाई."

लिडिया हसली. पण गाडी आत ढकलताना तिनं एकदा मागं वळून लंकाबाईकडे पाहिलं.

गोरक्षनाथला टेबलावर उजव्या कुशीवर निजवलं. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास पसरला. चादरींनी सगळा माणूस झाकला. उरली ती जांभळी फुली. साहेबांनी हात पुढं करून सुरी मागितली. लंकाबाईचं 'काम हुतं' काही केल्या लिडियाच्या कानातून जाईना.

"साहेब," ती चाचरत म्हणाली, "उजवा ठेवायचाय ना?"

"हो तर," तोंडावरच्या फडक्याआडून साहेब म्हणाले. "फार उजवा आहे."

सुरी फुलीकडे वळली.

फार?

बाजू एक तर डावी असते, नाहीतर उजवी. फार उजवी असते ती शेजारणीची सून.

लिडियानं दोन्ही तळवे फुलीवर दाबून धरले.

"सिस्टर! हात!" साहेब कडाडले. "सगळं पुन्हा धुवावं लागेल!"

"साहेब, ही डावी कूस आहे."

साहेबांनी चादर वर केली. डोकं कुठं, पाय कुठं ते पाहिलं. सुरी ताटलीत पडली.

"हाच तर उजवा," ते म्हणाले. "कॅन्सर पलीकडच्यात आहे. हा एकटा दोघांचं काम करून एवढा झालाय."

"होय साहेब," लिडिया म्हणाली. तळवे तिनं अजून उचलले नव्हते. "सर्ज्या आहे तो."